समुद्र पुढे आला की वाळू गेली?

किनाऱ्यावरच्या शहरांत एक प्रश्न हमखास येतो: "आमच्या लहानपणी इथे केवढी पुळण होती! आता लाटा थेट रस्त्यावर येतात. समुद्र इतका पुढे कसा आला?" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

समुद्राची पातळी वाढतेय, हे खरंच. 1901 ते 2018 या काळात ती जगभरात सरासरी 20 सेंटीमीटरनं वाढली. पण रुंद पुळण एका पिढीत नाहीशी झाली, तर आधी वाळूचा हिशेब बघावा. ही वाळू मुक्कामाला आलेली नसते. नदी ती आणून टाकते आणि तिरक्या लाटा तिला किनाऱ्याकिनाऱ्यानं पुढे नेतात. शहर वाढलं की नदीवर धरण होतं, पात्रातून वाळू उपसली जाते, बंदरासाठी समुद्रात भिंती घातल्या जातात आणि हा प्रवास थांबतो.

पुदुच्चेरीत 1980च्या दशकाच्या अखेरीस बंदराच्या भिंती झाल्या. तिथली वाळू एकंदरीत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. ती भिंतीच्या दक्षिणेला साठत गेली आणि उत्तरेला, शहरासमोरची पुळण गेली. मग दगडांचा बंधारा आला, आणि धूप त्याहून उत्तरेच्या मच्छीमार वस्त्यांकडे सरकली.

बंधाऱ्यापाशी भरतीला उभं राहून बघा. उतरत्या वाळूवर लाट चढत जाते आणि तिचा जोर तिथेच जिरतो. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट मात्र जोरानं मागे फिरते आणि पायथ्याची वाळू उकरून नेते. पुढे भिंतच खचते, की पुन्हा नवे दगड.

मला सगळ्यात जास्त लागतं ते मच्छीमारांचं. समुद्राकडे तोंड करून बांधलेल्या इमारतीला भिंत हवी असते, होडीला उतार. होडी ओढायला, जाळी पसरायला, मासळी सुकवायला लागणारी जागा कुणाच्याच सातबाऱ्यावर नसते, त्यामुळे तिची भरपाईही कुणी मागू शकत नाही.

इलाज आहेत. पुदुच्चेरीतच 2018च्या सुमारास पाण्याखाली लाटा अडवणारी रचना बसवली, अडलेली वाळू उपसून पलीकडे टाकली, आणि पुळण पुन्हा दिसू लागली. तेव्हा बंधाऱ्याचा अर्ज घेऊन जाल, तेव्हा आधी दोन गोष्टी विचारा: आमची वाळू कुठे अडली आहे, आणि हा बंधारा झाला तर शेजारच्या गावाच्या किनाऱ्याचं काय?