आधी पाठ, मग छत्र्या

अमेरिकन चित्रकार मॉरिस प्रेंडरगास्टच्या (१८५८–१९२४) चित्रांत कुणालाच काही काम नसतं. बॉस्टनजवळच्या किनाऱ्यावर, नाहीतर न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात बायका छत्र्या घेऊन हिंडतात, पोरं घुटमळतात. नाकडोळे तर बऱ्याच जणांना नसतातच. तिसऱ्या प्रहरी अशा चित्रापुढे उभं राहिलं की आपण किंमत ठरवायला आलोय याचाच विसर पडतो. म्हणून त्याचं तोंड आधी भिंतीकडे करावं.

पाठीवर जुनी लेबलं असतात, शिक्के असतात. कापडाची खिळ्यांची भोकं लाकडी चौकटीच्या भोकांशी जुळत नसतील, तर चौकट बदललीय किंवा चित्र कापून लहान केलंय. मागून दुसरं कापड चिकटवलेलं आणि मेणाचा वास? म्हणजे कुणीतरी काळजीपोटी अस्तर लावलं, आणि उष्णतेने, दाबाने रंगाचे उंचवटे बसले. चित्र सुलटं करून दिवा अगदी बाजूने धरला की ही सपाटी लपत नाही.

प्रेंडरगास्टचे तैलरंग कोरडे, खरबरीत, थरावर थर असे. त्यांवर चकचकीत वॉर्निश फासणाऱ्यांचा मला फार राग येतो. अतिनील दिव्याखाली जुनं राळेचं वॉर्निश हिरवट उजळतं. त्यावर सही काळी तरंगताना दिसली, तर ती मागाहून आलेली असू शकते.

तारीख घालायची त्याला फारशी सवय नव्हती, एकेक तैलचित्र तो वर्षानुवर्षं रंगवत राही. तेव्हा वर्षांचा पट्टा द्यावा, नेमकं साल नको. मूळ थरात फ्थॅलो निळा सापडला तर मात्र विषय संपला. तो रंग बाजारात आला १९३५च्या सुमारास. दुरुस्तीच्या ठिपक्यात सापडला तर घाबरायचं कारण नाही.

जलरंग असेल तर ते फ्रेममधून काढायलाच हवं. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली पट्टी आणि उघडं आकाश शेजारी ठेवून बघा: किती निळं उडालं ते तिथेच कळतं. हलक्या पुठ्ठ्यातल्या आम्लाने कडेला तपकिरी रेघही उठते. उडालेला रंग कुणीच परत आणू शकत नाही, त्यामुळे किंमत इथेच सर्वात जास्त घसरते.

आणि फ्रेम! भाऊ चार्ल्स स्वतः फ्रेमा कोरायचा, सोनेरी वर्ख लावायचा. तशी एखादी 'जुनाट' म्हणून माळ्यावर टाकलेली नाही ना, हे घरच्यांना जरूर विचारावं.

मग आकडा, तोही एक नाही. विम्याचा वेगळा, खुल्या बाजारातला वेगळा. अमेरिकेत ५,००० डॉलरहून महाग चित्र दान करून करसवलत मागायची, तर सहसा पात्र मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो. तुलनेला विक्री घ्यावी ती त्याच माध्यमाची, त्याच काळातली, जवळपास त्याच मापाची. तैलचित्राचा भाव जलरंगाला चिकटवणारे महाभाग आहेतच.

एवढं सगळं झाल्यावरही गिऱ्हाईक लाल छत्र्या किती आहेत तेच मोजणार. मोजू दे.