नऊचे ॲव्हरेज

पुण्यातल्या आमच्या कार्यालयात अमेरिकेतील मालवाहतूकदारांचे इंधनकराचे हिशेब लिहिले जातात आणि काम संध्याकाळी सुरू होते. त्या दिवशी 30 एप्रिल, म्हणजे पहिल्या तिमाहीचे विवरणपत्र भरण्याची शेवटची तारीख होती. नेब्रास्कातल्या एका नव्या ग्राहकाच्या दोन ट्रकांचे 36,000 मैल आणि 4,000 गॅलन डिझेल मांडले, तेव्हा ॲव्हरेज आले गॅलनला 9 मैल. असे अवजड ट्रक सहसा सहा-सातच्या आसपास जातात.

26,000 पौंडांहून जड किंवा तीन आसांचे वाहन एकाहून अधिक राज्यांत चालवायचे, तर इंधनकराचा परवाना लागतो. त्याची प्रत केबिनमध्ये आणि स्टिकर दोन्ही बाजूंना असले, की 48 राज्ये आणि कॅनडाचे 10 प्रांत यांसाठी एकच विवरणपत्र पुरते. स्टिकर लागले की काम संपले, असे बहुतेक मालकांना वाटते. खरे तर परवानाधारकाने टाकीत गेलेल्या प्रत्येक गॅलनचा हिशेब द्यायचा असतो. राज्यात चाललेले मैल भागिले सरासरी ॲव्हरेज, इतके गॅलन तिथे जळाले असे धरले जाते आणि तिथल्या पंपावर कर भरून घेतलेले गॅलन त्यातून वजा होतात. म्हणून थोडे डिझेल लपले, तरी ॲव्हरेज फुगते आणि एकाच वेळी सगळ्या राज्यांचा कर घटतो.

आमच्या वरिष्ठांचे म्हणणे होते, की आकडे ग्राहकाचे आहेत, आपण फक्त भरणारे. हे वाक्य मला कधीच पटलेले नाही. मी पावत्या पुन्हा तारखेने लावल्या. ट्रक दर सोमवारी घरून निघत होते, पण पहिली पावती थेट इलिनॉयमधली असे. तीन महिन्यांत नेब्रास्कातली एकही नव्हती.

रात्री नऊला मी फोन केला. मालकाने सहज सांगितले, की निघताना वडिलांच्या शेतातल्या टाकीतून डिझेल भरतो. शेतीच्या डिझेलवर रस्त्याचा कर नसतो, म्हणून त्यात लाल रंग मिसळतात. तपासनीस ट्रकच्या टाकीतला नमुना काढून तो ओळखतात. रस्त्यावर ते वापरल्यास संघराज्याचा दंड 1,000 डॉलर किंवा गॅलनमागे 10 डॉलर, यांतला जो अधिक तो. टाकी वडिलांची, ट्रक आमचा, मग यात चूक कसली, असे त्याने खऱ्या आश्चर्याने विचारले आणि ते डिझेल वगळण्याची विनंती केली. मी नकार दिला.

बराच वेळ तो बोलला नाही. तासाभराने त्याच्या पत्नीने टाकीची बिले पाठवली. त्यांवरून ट्रकांत गेलेले डिझेल 1,600 गॅलन निघाले. ॲव्हरेज 6.43 वर आले, प्रत्येक राज्यातले करपात्र गॅलन वाढले आणि त्या 1,600 गॅलनची वजावट अर्थातच मिळाली नाही. पहाटे तीनला विवरणपत्र गेले. तिथल्या करवकिलाला लगेच भेटण्याचा सल्ला मी त्याला लेखी दिला.

माझा हिशेब बरोबर होता, याबद्दल मला शंका नाही. तरीही ज्या माणसाला आपण नियम मोडतो आहोत हे ठाऊकही नव्हते, त्याच्याकडून सोळा हजार डॉलरच्या दंडाचा पुरावा मीच कागदावर आणवला, हे मनातून जात नाही. नव्या ग्राहकाच्या पहिल्याच अर्जात 'घरी किंवा शेतात डिझेलची टाकी आहे का?' हा प्रश्न असावा, असे मी सुचवले आहे. ग्राहक बिचकतील, म्हणून वरिष्ठ तो घालू देत नाहीत, आणि जुलैची मुदत जवळ येत आहे.