कोणाकडे?

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज गेटवरच्या नव्या काकांनी मला अडवलं. त्यांचं काही चुकलं नाही. मी महिनाभर इथे नव्हते आणि ते त्याच दिवसांत कामाला लागलेत. ‘कोणाकडे?’ एवढंच विचारलं त्यांनी. मी इथलीच, असं म्हणायला तोंड उघडलं तर शब्दच फुटेना, डोळे भरून आले. काका बिचारे गांगरले, ‘जा ताई, जा वर’ म्हणाले. आईला सांगितलं, डोकं दुखतंय. तिने अमृतांजन दिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

परत येऊन नऊ दिवस झाले. जो तो विचारतो, ‘कसं होतं नेपाळ?’ मी ‘छान’ म्हणते आणि मनास्लू शिखराचा फोटो दाखवते. तो एका पहाटे अर्धा तास स्वच्छ दिसला होता. मग सगळे ‘वॉव’ म्हणतात आणि विषय संपतो. कुणी एक प्रश्न जास्त विचारत नाही याचं मला फार वाईट वाटतंय. गोरखपूरपर्यंत रेल्वे, सुनौलीला चालत सीमा ओलांडायची, मग बस, मग जीप, मग दोन तास चढ. ताप अंगावर काढला. पायाला जळवा लागल्या. एवढं करून आल्यावर कुणीतरी जवळ बसवून घ्यावं, असं वाटणं चूक आहे का? आणि बसवून घेतलंच तर मी काय सांगणार आहे?

त्या रजिस्टरचं सांगेन बहुतेक.

आम्ही शिकवायला गेलो त्या शाळेच्या फाटकाशी पहिल्या दिवशी तो हात आडवा करून उभा होता. चौथीतला, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. म्हणाला, ‘थांबा!’ चक्क मराठीत. गोरखा जिल्ह्यातल्या त्या डोंगरावर, खाली मक्याची शेतं, कुठेतरी ‘काफल पाक्यो’ म्हणत पक्षी ओरडतोय (आपल्या पावशाच्या ‘पेर्ते व्हा’ची आठवण येते अगदी) आणि समोरून मराठी शब्द. मी हसले, तो हसला नाही. त्याने काखेतलं लांबडं रजिस्टर काढून उघडलं. लाल कापडी पाठीचं, कोपरे झिजलेले, वर आपल्या पुण्यातल्या वाकडच्या एका सोसायटीचा शिक्का. आत छापील रकाने: तारीख, नाव, कोणाकडे, गाडी नं., आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ, सही. त्याचे बुबा, म्हणजे वडील, तिथे गेटवर असतात. मागच्या दसैंला (त्यांचा दसरा) घरी आले तेव्हा अर्धं कोरं राहिलेलं हे रजिस्टर घेऊन आले.

पहिली वीसेक पानं बुबांच्या अक्षरात. डिलिव्हरी, डिलिव्हरी, पाहुणे, प्लंबर. मग एक पान सोडून याच्या नोंदी सुरू. शाळेत शिकवायला बाहेरून जो येतो त्याचं नाव हा लिहून घेतो. आमच्या आधी तेरा नावं होती. देश, विक्रम संवतातली तारीख, आत, बाहेर, सही, सगळं नीट. फक्त ‘कोणाकडे’ हा रकाना तेराही जणांचा कोरा. त्यांना तो वाचताच येत नव्हता.

मला आला. त्यानेही बोट ठेवून वाचून दाखवला, ‘को-णा-क-डे’, आणि मला कळलं नसेल म्हणून स्वतःच नेपाळीत सांगितलं, ‘कसकहाँ?’

मी म्हटलं, ‘भोलि.’ उद्या लिहिते. आमच्या ग्रुपमधल्या बाकीच्या सहा जणांनी पटापट ‘शाळा’ लिहून टाकलं. मलाही लिहिता आलं असतं. का नाही लिहिलं, याचाच विचार नऊ दिवस चाललाय.

कारण मी शाळेकडे आले होते का? कॉलेजच्या यादीत नाव लागलं म्हणून आले होते. ऋचा गेली म्हणून मी गेले, हेही आहेच. बायोडेटात एक ओळ वाढेल, हेही होतं, इथे तरी खरं लिहायला हवं. मुलांसाठी आले असं म्हणावं तर इथून निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत एकाही मुलाचं नाव मला ठाऊक नव्हतं. मग कोणाकडे?

शिकवलं मनापासून. चौथीची बावीस मुलं. दुपारी गडगडून पाऊस आला की पत्र्यावर असा आवाज व्हायचा की फळ्यावर लिहून दाखवण्याखेरीज इलाज नसे. मधल्या सुट्टीत खाजा, म्हणजे खाऊ: चिउरा (पोहे) आणि चणे, मुलं माझ्या हातावरही मूठभर ठेवायची. त्यांच्या मिस मागच्या बाकावर बसून वह्या तपासत असत. शेवटच्या आठवड्यात एकदा अगदी मायेने म्हणाल्या, तुम्ही गेलात की मी इंग्रजी पुन्हा पहिल्यापासून घेते, येणाऱ्या प्रत्येकाबरोबर मुलांचे उच्चार बदलतात. त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. तेरा वेळा पहिल्यापासून घेतलेलं त्यांनी. आता चौदाव्यांदा.

आणि एक अक्षर. एकदा तो रजिस्टर घेऊन आला, ‘वेळ’वर बोट ठेवून म्हणाला, ‘मिस, यो कुन अक्षर?’ लिपी आपली एकच, पण नेपाळीत ळ नाही. एवढे दिवस तो त्या शब्दाशी येऊन अडत होता. बुबांना विचारायचं राहून गेलं होतं. मी जिभेचं टोक उलटं वळवून दाखवलं. तो ‘वेल’ म्हणाला, मग ‘वेड’. दुसऱ्या दिवशी फाटकाशीच ‘वेळ!’ असा ओरडला की हेडसर बाहेर आले. मग पाटीवर, भिंतीवर, मातीत काडीने, सगळीकडे ळ. दोन गोल आणि मधली काठी. त्याच्या कुठल्याही परीक्षेत येणार नाही असं अक्षर. पण मी गेल्यावर मिसना पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागणार नाही, असं एवढंच आहे.

शाळेची इमारत नवी आहे. आधीची भूकंपात गेली, मग काही वर्षं बांबू आणि पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरले. २५ एप्रिल २०१५, शनिवार. नेपाळात शनिवारी सुट्टी, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. हेडसर हे सांगताना दर वेळी ‘शनिवार’ शब्दावर थांबायचे. मलाही तो शनिवार आठवतो. आमच्या सोसायटीतला बहादूर दिवसभर गेटवर फोन कानाला लावून उभा होता. मी दहा वर्षांची होते, त्याच्यासमोर सायकल चालवत होते. सगळ्यांनी वर्गणी काढून दिली, तो गेला, परत आला नाही. मग दुसरा आला, त्यालाही आम्ही बहादूरच म्हणायला लागलो. खरं नाव काय होतं त्याचं? आईला मघाशी विचारलं. तिलाही माहीत नाही. बाबांनाही नाही.

निघायच्या दिवशी गळ्यात सयपत्रीची, म्हणजे झेंडूची, माळ, कपाळभर अबीर. खाली रस्त्यावर जीप हॉर्न वाजवत होती, आभाळ भरून आलेलं. त्याने रजिस्टर पुढे केलं. मी बाहेर जाण्याची वेळ घातली, सही केली. मधला रकाना त्यानेही दाखवला नाही. मग वहीतलं एक पान चौघडी करून माझ्या हातात दिलं, ‘बुबालाई’, बुबांना, म्हणाला आणि पळाला.

ते पान अजून माझ्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात आहे. नऊ दिवस. व्हायवा होती, पाऊस होता, वाकड लांब आहे, अशी कारणं मी स्वतःला देत होते. आज पहिल्यांदा उघडून बघितलं. पानभर एकच शब्द, ओळीखाली ओळ: वेळ वेळ वेळ वेळ. पहिल्या ओळीतले ळ वाकडे आहेत, शेवटच्या ओळीत माझ्यापेक्षा चांगले आहेत. खाली सही, अगदी बुबांसारखी, एक रेघ ओढून.

मघापासून रडायला येत होतं ते हे पान बघितल्यावर थांबलं. मला कुणी जवळ बसवून विचारत नाही, याचं एवढं काय घेऊन बसले होते मी? एक काम दिलं होतं मला तिथे, एकच, आणि ते इथलं होतं.

रविवारी वाकडला जाते. सोसायटीचं नाव त्या शिक्क्यामुळे पाठ आहे. गेटवर रजिस्टर पुढे करतील आणि विचारतील. आणि मला त्याच्या बुबांचं नाव माहीत नाही. विचारलंच नाही मी. तिथे जाऊन ‘बहादूर’ म्हणायचं नाहीये मला.

मिसना मेसेज टाकलाय, नाव कळवा म्हणून. तिथे आता पावणेबारा झाले असतील, झोपल्या असतील. गावात रेंजही माळावर गेलं तरच येते. एकच टिक दिसतेय अजून.

पान पुन्हा घडी घालून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं, भिजायला नको.