आमची वाटचाल : आधी फायली, शेवटी लिनक्स

पतसंस्था, छोटे कारखाने, सीएंची कार्यालये ओपन सोर्सवर (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवर) नेऊन देणे आणि पुढे सांभाळणे, हे आमच्या फर्मचे काम. पूर्वी गिऱ्हाईक एवढेच विचारायचे, लायसन्सचे पैसे वाचतील का? 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित सपोर्ट संपला आणि चौकशीचा रोख बदलला. टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नाही म्हणून विंडोज 11 ला अपात्र ठरलेली, पण धडधाकट यंत्रे भंगारात का द्यायची? जुनी हार्डडिस्क काढून 240 जीबीची एसएसडी बसवली आणि रॅम 8 जीबी केली, की त्यांवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरायची ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम) आरामात चालते. पैसे वाचतात, पण पहिल्या वर्षी त्यातले बरेचसे फायली दुरुस्त करण्यात आणि शिकवण्यात जातात. हे आम्ही कोटेशनमध्येच लिहितो.

लिनक्स आम्ही शेवटी टाकतो. आधी आहे त्या विंडोजवरच लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी), फायरफॉक्स ब्राउझर आणि ईमेलसाठी थंडरबर्ड. कर्मचाऱ्यांचा हात बसला की मग ऑपरेटिंग सिस्टिम. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने 2024 मध्ये सुमारे 30,000 सरकारी संगणकांसाठी असाच क्रम जाहीर केला. आपल्या केंद्र सरकारचे 2015 चे धोरणही पुरवठादाराला ओपन सोर्सचा विचार करायला लावते आणि तो वगळला तर कारण मागते.

मराठी कार्यालयात खरी अडचण जुन्या फॉन्टची. श्रीलिपी, कृतिदेव यांत टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर सारखाच वाचला जाणारा, नसतो. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. कन्व्हर्टर आहेत, पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. तिला पूर्ण जोडाक्षर ओलांडून जावे लागते. साधा कन्व्हर्टर पहिल्याच अर्ध्या अक्षराशी थांबतो आणि ‘अस्थि’चे ‘असि्थ’ होते. रफाराचे उलटे, तो मागून पुढे आणावा लागतो. म्हणून सभासदांच्या यादीतली वेलांटी-रफाराची सगळी नावे वेगळी काढून माणसाकडूनच तपासून घ्यावीत. पासबुकावर नाव चुकले तर सभासद ऐकून घेत नाही, आणि त्याचे बरोबरच आहे.

एक्सेलचे मॅक्रो (शीटमधली कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) आधी मोजून घ्या. साधे लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये चालतात. युजरफॉर्म (माहिती भरायच्या खिडक्या) आणि अ‍ॅक्टिव्हएक्स (विंडोजवरच चालणारे घटक) असलेले नव्याने लिहावे लागतात. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सहसा त्रास देत नाहीत. स्वस्त लेझर प्रिंटरांपैकी काही फक्त कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतात, त्यामुळे मॉडेल पाहिल्याशिवाय आम्ही तारीख देत नाही. टॅली आणि डिजिटल सहीचे टोकन यांसाठी एक विंडोज यंत्र ठेवतोच. तेही हटवण्याचा हट्ट धरला तर जीएसटी रिटर्नच्या ऐन शेवटच्या दिवशी सगळे अडकून बसतात.

हिशेब आणि स्टॉकसाठी आम्ही मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवतो. त्याचा साधा बॅकअप फक्त डेटाबेसचा असतो. जोडलेली बिले, स्कॅन हवे असतील तर ‘विथ फाइल्स’ हा पर्याय द्यावा लागतो. साइट कॉन्फिग या सेटिंगच्या फायलीतली एन्क्रिप्शन की (साठवलेले पासवर्ड उघडणारी किल्ली) वेगळी जपावी, नाहीतर डेटा परत येतो पण ईमेल खात्यांचे साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत. दर तिमाहीला तो बॅकअप दुसऱ्या यंत्रावर चढवून ताळेबंद जुळतो का, ते गिऱ्हाइकाच्या अकाउंटंटसमोर पाहतो.