आयटीआय ते शिकाऊ उमेदवारी: अडतं ते नावापाशी

बारावी विज्ञान झालेल्या मुलानं ‘मला इंजिनिअरिंगला जायचं नाही, हातानं काम करायचंय’ असं सांगितलं की घरात चिंतेचं वातावरण पसरतं. आमच्या भागातल्या अशा मुलांचे आयटीआयचे आणि पुढे शिकाऊ उमेदवारीचे, म्हणजे अप्रेंटिसशिपचे, अर्ज मी भरून देतो. ट्रेड, म्हणजे शिकायचा व्यवसाय, मिळतो, अभ्यास होतो, परीक्षाही सुटते. गाडी अडते ती नावापाशी. याचा मनस्ताप अजून ताजा आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

प्रवेशाचं थोडक्यात सांगतो. गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते, त्यामुळे बारावीत कमी पडले म्हणून खचू नका. इलेक्ट्रिशियन, फिटर, मशिनिस्ट दोन वर्षांचे, वेल्डर आणि प्लंबर एका वर्षाचे. विकल्प भरताना पहिला क्रमांक विचार करूनच टाका. पहिल्या फेरीत पहिलाच विकल्प मिळाला आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाद होता.

आता नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव आधी छापतात, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं स्वतःचं नाव आधी असतं, काहींच्या आधारवर वडिलांचं नावच नसतं. बँकेत तिसराच प्रकार. माणसाला हे सगळं एकाच मुलाचं आहे हे दिसतं, संगणकाला दिसत नाही. त्यात इंग्रजी स्पेलिंगचा घोळ: लक्ष्मण एके ठिकाणी एक्सनं, दुसरीकडे केएसनं. वैभवच्या शेवटी कुठे व्ही, कुठे डब्ल्यू.

प्रवेशाच्या दिवशी हे कुणालाच खटकत नाही. कागद बघणारा मान डोलावतो आणि मुलगा आत जातो. पण तिथे टाइप झालेलं नावच पुढे केंद्र सरकारच्या पोर्टलवर चढतं, त्यावरूनच हॉलतिकीट निघतं आणि शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजे एनटीसी, छापून येतं. नावाच्या रकान्यात ‘पाटील सागर रमेश’ आणि वडिलांच्या रकान्यात पुन्हा ‘रमेश’, अशी नोंद मी स्वतः पाहिली आहे. दोन वर्षांनी शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नोंदणी करायला बसलं की आधारची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी, एक नाव दाखवते आणि प्रमाणपत्र दुसरं. कंपनी घ्यायला तयार असते, पण करारनामा पुढे सरकत नाही.

दुरुस्तीसाठी गेलं की टोलवाटोलवी सुरू होते. संस्था म्हणते, वर पाठवलंय. वरचे म्हणतात, संस्थेकडून आलंच नाही. एका कार्यालयात तर ‘पुढच्या आठवड्यात या’ याखेरीज दुसरं उत्तरच मिळेना. तोवर कंपनीतली जागा भरून जाते आणि हातात कौशल्य असलेलं पोर घरी बसतं. हे सगळं प्रवेशाच्या दिवशी दोन मिनिटांत टाळता येण्यासारखं होतं, याचीच चीड येते. कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो: प्रवेश झाला की पोर्टलवर चढलेल्या नोंदीची प्रिंट मागा आणि अक्षर न् अक्षर तपासा. चूक दिसली तर त्याच आठवड्यात प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

कुठला कागद बदलायचा, हाही प्रश्न येतो. माझं मत पक्कं आहे: दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानायची आणि बाकीचं सगळं तिच्याशी जुळवायचं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच, म्हणून स्पेलिंग कागदावर लिहून घेऊनच आधार केंद्रावर जा आणि पावती सही करण्याआधी वाचा. गुणपत्रिकेतच चूक असेल तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जातो, सोबत शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा लागतो. ते काम सावकाश चालतं, म्हणून ते बारावीच्या सुट्टीतच सुरू करा. एका अक्षराच्या चुकीसाठी लगेच सरकारी राजपत्रात नावबदल छापण्याचा खर्च करायला लावणाऱ्यांचं ऐकू नका.

आधारचं आणखी एक: पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळे नव्यानं नोंदवावे लागतात. बऱ्याच मुलांचं ते राहिलेलं असतं. मोबाइल नंबर आईवडिलांचा, तोही बंद पडलेला, मग ओटीपी येणार कुठे?

ट्रेडबद्दल सांगायचं राहिलंच. विकल्प भरण्याआधी मुलाला संस्थेच्या वर्कशॉपमध्ये नेऊन आणा. फिटरच्या पहिल्या महिन्यांत व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरून फाइल मारत उभं राहायचं असतं, गुण्या लावून कोपरा काटकोनात आला नाही तर पुन्हा. हे बघून ज्याचे डोळे चमकतात त्यानं जावं. कंटाळा दिसला तर इलेक्ट्रिशियन किंवा ड्राफ्ट्समन दाखवा. हजेरी ८० टक्के लागते, हेही तिथेच सांगून टाका.

शिकाऊ उमेदवारीसाठी गावातल्या ओळखीवर थांबू नका. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, त्यामुळे थेट कंपनीच्या एचआरला विचारा. जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्रात, म्हणजे शिकाऊ उमेदवारांच्या मूलभूत प्रशिक्षणाच्या सरकारी केंद्रात, कुठली आस्थापना भरती करते आहे ते कळतं. महावितरणही इलेक्ट्रिशियन आणि वायरमन घेतं.

विद्यावेतनातला २५ टक्के वाटा, महिना जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार थेट खात्यात टाकतं. त्यासाठी खातं आधारशी नुसतं जोडलेलं असून भागत नाही, डीबीटीसाठी सीडिंग झालेलं लागतं, म्हणजे सरकारी पैसे थेट याच खात्यात यावेत अशी बँकेनं नोंद केलेली लागते. बँकेत हाच शब्द वापरून विचारा, नाहीतर ‘लिंक आहे’ म्हणून परत पाठवतात.