महिन्याचे ७२० तास

पक्षाघातानंतर किंवा पार्किन्सन वाढल्यावर घरातलं वडीलधारं माणूस उठबशीला परावलंबी होतं. तेव्हा घरात पहिली चर्चा होते ती औषधांची आणि हॉस्पिटलच्या बिलाची. खरा खर्च मात्र डिस्चार्जनंतर सुरू होतो, आणि तो तासांचा असतो. दिवसाचे २४, महिन्याचे ७२०. आपल्याकडच्या योजना हॉस्पिटलचं बिल भरतात, काठी-खुर्ची देतात, थोडी पेन्शन देतात. हे तास कोण भरणार, याचं उत्तर जवळजवळ कुठेच नाही. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाखांचं कवच मिळतं, ही मोठी गोष्ट आहे. पण ते कवच भरती झाल्यावरचं. डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतचा खर्च त्यात धरतात. सोळाव्या दिवसापासून कूस बदलणं, भरवणं, स्वच्छता हे सगळं घरच्यांवर.

म्हणून सुरुवात तासांच्या हिशेबापासून करा. एका वहीत आठवडाभर लिहा: कोणत्या वेळी काय मदत लागली, एक माणूस पुरला की दोन लागले, किती मिनिटं गेली. दोन माणसं कधी लागतात हे कळणं फार महत्त्वाचं. बहुतेक घरांत आंघोळ आणि कमोडपर्यंत नेणं एवढ्यालाच दोघं लागतात. तसं असेल तर दिवसभराची दुसरी बाई ठेवण्यापेक्षा सकाळचे दोन तास कुणी येणं पुरतं. हीच वही पुढे डॉक्टरांना, घरी मावशी पाठवणाऱ्या ब्युरोला आणि सरकारी अर्जालाही कामी येते.

आता कागद. पहिला कागद दिव्यांगत्वाचा, म्हणजे यूडीआयडी, दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. 'म्हातारपणी कशाला तो दाखला' असं अनेक ज्येष्ठांना वाटतं, त्यात कमीपणाही वाटतो. पण बाकीची बरीच दारं याच कागदाने उघडतात. अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सिव्हिल हॉस्पिटलच्या किंवा ठरवून दिलेल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, डिस्चार्ज कार्ड, एमआरआय किंवा सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणि चालू उपचारांचे कागद सोबत ठेवा. नाव आधारवर जसं आहे तसंच अर्जात लिहा. आडनावाच्या स्पेलिंगमधल्या एका अक्षरावरून पुढे पेन्शन अडते. मोबाइल नंबर घरात कायम राहणाऱ्या माणसाचा द्या, शिकायला बाहेरगावी गेलेल्या नातवाचा नको. पक्षाघात ताजा असेल तर बोर्ड काही महिने थांबायला सांगतं किंवा मुदतीचा दाखला देतं, कारण त्या काळात सुधारणा होत असते. तसा दाखला मिळाला तर मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती हुकली की त्यावर चालणारे लाभ अडतात.

टक्केवारीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे लोकांचं खूप नुकसान होतं. घरचे फक्त पक्षाघाताचे कागद घेऊन जातात. ऐकू येत नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही दिसत नाही, हे 'वयाचं' म्हणून सोडून देतात. बोर्ड प्रत्येक व्यंग वेगळं मोजतं आणि मग एका सूत्राने एकत्र करतं: मोठी टक्केवारी 'अ', लहान 'ब', तर एकूण = अ + ब × (९० − अ) ÷ ९०. समजा हालचालीचं ६५ टक्के आणि श्रवणाचं ६० टक्के आहे. बेरीज १२५ होत नाही, पण ८१ च्या पुढे जाते. ४० टक्क्यांवर बहुतेक योजनांचं दार उघडतं, आणि ८० गाठलं की पुढचं. दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी केंद्राची दिव्यांग पेन्शन ८० टक्क्यांना मिळते. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत अवलंबून असलेल्या दिव्यांग आईवडिलांसाठीची वजावट ४० टक्क्यांना ७५ हजार, तर ८० टक्क्यांपासून १ लाख २५ हजार. प्रत्यक्ष खर्च किती झाला याचा त्या रकमेशी संबंध नाही. म्हणून ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणाची चाचणी, आणि डोळ्यांची तपासणी आधी करून घ्या आणि अर्जातच सगळी व्यंगं नोंदवा.

पेन्शनचं गणित छोटं आहे. महाराष्ट्रात वयाच्या ६५ च्या आत संजय गांधी निराधार योजना, त्यापुढे श्रावणबाळ. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. दिव्यांगांसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार आहे, आणि ऑक्टोबर २०२५ पासून या दोन्ही योजनांत दिव्यांगांना दरमहा २,५०० रुपये मिळतात. वाढ स्वागतार्ह आहे. पण ७२० तासांनी भागा: तासाला साडेतीन रुपयेही होत नाहीत. आणि ५० हजारांच्या वर असलेल्या घराला, म्हणजे साध्या वॉचमनच्या कुटुंबालाही, तेवढेही नाहीत.

ज्याकडे फार कमी लोक जातात तो म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांचा ५ टक्के दिव्यांग निधी. स्वतःच्या उत्पन्नातला हा वाटा दिव्यांगांवर खर्च करणं त्यांना बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि मोघम 'मदत मिळावी' असं न लिहिता नेमकं मागा: कमोड खुर्ची, दारात उतार, बाथरूममध्ये पकडायला दांडे. निधी खर्च झाला नसेल तर किती शिल्लक आहे हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं.

साहित्यासाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, शिबिरात मोजमाप होतं आणि पुढे वाटप. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्रीत एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. चुका होतात त्या निवडीत. व्हीलचेअर घेताना बाथरूमच्या दाराची रुंदी आधी मोजा. कितीतरी खुर्च्या दारात अडतात आणि गॅलरीत पडून राहतात. एअर बेड, म्हणजे पंपाने फुगणारी हवेची गादी, घेतला की त्यावर जाड गोधडी, रबर आणि दोन चादरी घालतात, मग हवेचा दाब बदलण्याचा उपयोगच राहत नाही. वर एकच पातळ चादर. गादी पुरेशी फुगली आहे का हे पाहायला माणूस झोपलेलं असताना त्याच्या माकडहाडाखाली, गादीच्या खालून हात घाला. हाड हाताला लागत असेल तर हवा कमी आहे. गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच, टाचा गादीपासून अधांतरी ठेवायच्या. आणि मधे भोक असलेली गोल उशी नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा दबतो. भरवताना पाठ जितकी सरळ बसवता येईल तितकी, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो.

बँकेचं काम सगळ्यांत आधी करायला हवं आणि सगळ्यांत उशिरा होतं. सही करता येत नाही म्हणून खातं गोठत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आजारी किंवा अपंग खातेदाराचा हाताच्या अंगठ्याचा, तो शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ७० वर्षांवरच्या आणि दिव्यांग खातेदारांना घरपोच मूलभूत सेवा देण्याच्या सूचना नोव्हेंबर २०१७ पासून आहेत. शाखेत मागणी लेखी द्या. सरकारी निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला पोस्टमन घरी येऊन करतो, आणि बोटांचे ठसे पुसट झाले असतील तर चेहऱ्यावरूनही होतो.

स्मृतिभ्रंश असेल तर गोष्ट वेगळी. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, माणसाची समज शाबूत असेपर्यंतच चालतं. समज गेली की ते कायद्याने निरुपयोगी होतं. परदेशात असतं तसं समज गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र आपल्याकडे नाही. मग उच्च न्यायालयात रिट करून पालकत्व मागावं लागतं, किंवा दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १४ खाली मर्यादित पालकत्व. दोन्हींत वेळ आणि पैसा जातो. आजाराचं निदान झाल्याच्या पहिल्या काही महिन्यांत, रुग्णाला सगळं नीट समजत असताना, त्यांच्या संमतीने खातं दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं करा, नॉमिनेशन भरा, मृत्युपत्र डॉक्टरांच्या दाखल्यासह करा.

उरला माणसांचा प्रश्न. ब्युरोकडून येणाऱ्या मावशींना अनेकदा काहीही शिकवलेलं नसतं. पहिले दोन दिवस सोबत उभं राहून उचलण्याची पद्धत दाखवा: काखेत हात घालून ओढायचं नाही, पक्षाघाताच्या बाजूचा खांदा त्याने निखळतो. पाळी बदलताना वहीत लघवी, शौच, खाणं आणि त्वचेवरचे लाल डाग लिहायचे. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची झोप त्यांना हक्काची द्या. दमलेल्या हातातूनच माणूस निसटतं.

आणि एक मागणी लावून धरायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये, जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजी घेणाऱ्याचा भत्ता स्पष्ट लिहिला आहे. कलम ३८ प्रमाणे त्या आधारासाठी अर्ज करता येतो. केरळमध्ये आश्वासकिरणम् योजनेतून पूर्णवेळ काळजी घेणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरवलेले आहेत. रक्कम अगदीच तोकडी, पण तिथे निदान काळजी घेणारा माणूस सरकारच्या हिशेबात आहे. आपल्या जिल्ह्याच्या दिव्यांग कार्यालयात कलम ३८ चा अर्ज द्या, सोबत आठवड्याच्या तासांच्या वहीची प्रत जोडा आणि पोच मागा. नकार आला तर तोही लेखी मागा, म्हणजे पुढे दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं.