निरभ्र आकाश, शून्य वारा

हवामानाच्या ॲपवर ढग शून्य टक्के, वारा जवळजवळ नाहीच, वर अमावस्या. कॅलेंडरच्या एका पानासाठी तळ्यातलं आकाशगंगेचं प्रतिबिंब हवं होतं. पाणी हललं की प्रतिबिंबातले तारे फिसकटतात, त्यामुळे अशी रात्र म्हणजे मागून न मिळणारी.

२० मिमीची लेन्स, एफ २.८, आयएसओ ३२००, शटर २० सेकंद. त्याहून फार वेळ उघडं ठेवलं की पृथ्वी फिरत असल्यामुळे ताऱ्यांच्या ठिपक्यांच्या रेघा होतात. ठळक ताऱ्यावर हाताने फोकस लावून रिंगवर चिकटपट्टी मारली. धनु राशीकडचा आकाशगंगेचा भरगच्च भाग वर यायला अवकाश होता.

तेवढ्यात मदतनीस म्हणाला, "सर, फोकस गेला बहुतेक. तारे फुगलेत."

चिकटपट्टी जागच्या जागी होती. लेन्सवर टॉर्च मारला तर काच दवाने माखलेली. निरभ्र रात्री काच आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडते, म्हणून दव आधी तिलाच गाठतं. पुसलं की पुन्हा धूसर. यासाठीच तर लेन्सला गुंडाळायची हीटरची पट्टी आणली होती. ती जरा कोमट झाली आणि पॉवर बँक आपोआप बंद! पट्टी मंद ठेवली तर वीज इतकी कमी ओढते, की पॉवर बँक समजते फोन काढून घेतला. मग दर थोड्या वेळाने बटण दाबायचं काम मदतनिसाकडे आलं. त्या रात्री तो मनातल्या मनात मला काय काय म्हणाला असेल, ते मी विचारलेलं नाही.

मधेच एक गाडी दिवे अप्पर मारून काठाशी येऊन थांबली. अंधाराला सरावलेले डोळे गेले; पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. विनंती केल्यावर त्या मंडळींनी गाडीचे दिवे लगेच बंद केले आणि मोबाइलचे टॉर्च लावले.

पण खरा घात धुक्याने केला. ज्या निरभ्र, निवांत रात्रीवर आम्ही खूश होतो, तीच धुक्याची रात्र. ढगांचं पांघरूण नसल्याने जमीन भराभर निवते, वारा नसल्याने गार हवा खाली साचते आणि ओलावा द्यायला तळं आहेच. ॲप ढगांचं खरं सांगत होतं. धुक्याचं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आकाशगंगा वर येईपर्यंत समोरचं पाणीसुद्धा दिसेना. सामान उचलून शेजारच्या चढावर गेलो, तर धुकं पायाखाली आणि डोक्यावर लखलखीत तारे. फक्त तळं नाही!

निदान सूर्योदय तरी मिळेल म्हणून थांबलो. ऊन पडलं की धुकं विरतं खरं, पण सूर्य वर येताना हवा जराशी ढवळली की ते आधी दाटही होतं. तसंच झालं.

गिऱ्हाइकाला फोन केला. "तारे नंतर टाकता येणार नाहीत का?" नाही म्हणालो. पुढच्या अमावस्येला तोच भाग साधारण दोन तास आधी उगवेल, म्हणजे धुकं धरण्याआधी काम उरकण्याची आशा जास्त. शिवाय या खेपेला थोडा वारा असलेला बरा, हेही सांगितलं.

पलीकडून लगेच प्रश्न आला, "मग प्रतिबिंब?"